वेणूआत्याने स्वतःचाच कडू घास खाल्ला

वेणूआत्याला मी एकदा मारलं होतं. कॉलेजच्या ऑफिसात, भर दुपारी, मैत्रिणीच्या उसन्या पेनने. त्यामुळे गेल्या महिन्यात नातीने फोनवर रडत सांगितलं, "आजी, वेणूआत्या गेली गं," तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "नक्की ना? मागे एकदा खोटी बातमी उठली होती." पोरगी रडायचीच थांबली. म्हातारीचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असणार. तसं नाही. ती खोटी बातमी मीच उठवली होती. इतका गाढवपणा मी पुढच्या आयुष्यात पुन्हा केला नाही… निदान एवढ्या सुवाच्य अक्षरात तरी नाही.

आत्या म्हणजे माझ्या बापाची धाकटी बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला, सासरच्यांनी हाकललं, म्हणून ती खापरखेड्याला आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. बाप तिथल्या वीजघरात कामगार होता. मी चार वर्षांची असताना, एका संध्याकाळी ताट वाढायला उशीर झाला एवढ्यावरून त्याने दारूच्या नशेत पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि आईच्या डोक्यात घातला. एकदा घालून थांबला नाही. आई पडल्यावरही त्याचा हात चालूच होता… मला चेहरे आठवत नाहीत, तो आवाज आठवतो. आत्याने त्याच्या मनगटाचा लचका तोडला, मला काखोटीला मारलं आणि रक्ताने भरलेल्या तोंडाने अनवाणी चौकीपर्यंत पळत गेली. कोर्टात सख्ख्या भावाच्या विरुद्ध साक्ष दिली. त्याला जन्मठेप झाली. पुढे माझा काका माझा ताबा मागायला आला तेव्हा न्यायाधीशांनी कागद करून आत्यालाच माझी पालक नेमलं.

पुढे आम्ही शहरात, महाल नावाच्या वस्तीतल्या एका बोळीत राहायचो. आत्या भिवापुरी मिरच्या उखळात कांडायची आणि तिखट विकायची. तिची थप्पड दोनदा लागत असे, आधी हाताची आणि मग त्या हातातल्या तिखटाची. मला ती मारायचीच, पण भेदभाव करत नसे. माप कमी आहे म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या डोक्यात तिने तेच पितळी माप घातलं होतं. त्याला टाके पडले, आणि डोक्याला पट्टी बांधून तो पुन्हा तिच्याकडूनच तिखट घेऊन गेला.

साठच्या दशकाच्या शेवटी मी मॅट्रिक झाले आणि कॉलेजात नाव घातलं. फी झेपणारी नव्हती. फ्रीशिप, म्हणजे फीमाफी, मिळाली तर कॉलेज, नाही तर जन्मभर उखळ, इतका सरळ हिशेब होता. ऑफिसातल्या टेंभेकर बाबूंनी अर्ज पुढे सरकवला. "वडील नसतील तर पालकाच्या उत्पन्नाचा दाखला जोडा. आणि तेच पालक आहेत याचा कोर्टाचा कागद." त्या कागदाच्या पहिल्या चार ओळींत माझ्या बापाने काय केलं ते सगळं होतं. मागे रांग उभी होती. मी नवी साडी नेसले होते, केसांना रिबीन लावली होती, आपण कोणी तरी खानदानी कन्या आहोत असं मला तेव्हा वाटत असे. पालकच नसला तर कागद कोण मागणार? मी पेन उघडलं. वडील, मयत. आई, मयत. पालक, आत्या वेणूबाई… मयत. बापाला एक जीव घ्यायला दारू लागली होती. मी शुद्धीत दोन घेतले, बापाचा आणि आत्याचा.

बाबू चष्म्यावरून बघत म्हणाले, "अरेरे. पालक कधी वारल्या?"

"परवा," मी म्हटलं. आणि रडले. काय छान रडले! बाबूंनी स्वतःच्या ग्लासातलं पाणी मला प्यायला दिलं.

कॉलेजात कानडे मॅडम होत्या, अतिशय मऊ मनाच्या. बाबूंनी त्यांना सांगितलं, अर्जावरून पत्ता काढून दिला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून लोक पिठलं-भात नेऊन देतात, ज्याला आपण कडू घास म्हणतो. दुसऱ्या दिवशी मॅडम डबा घेऊन सायकलरिक्षाने आमच्या बोळीत उतरल्या. मी आतून पाहिलं आणि दाराआड झाले. आत्या अंगणात कांडत होती. तोंडाला पदर, डोळे लालभडक, नाकाडोळ्यांतून पाणी. मॅडमना वाटलं, दुःख. दोन पावलं पुढे येताच खकाण्याने त्यांच्याही डोळ्यांना धार लागली.

"फार वाईट झालं हो," मॅडम हुंदका देत म्हणाल्या.

"काय झालं बाई?"

"वेणूबाईंचं. तेरवा गेल्या ना… पोरगी ऑफिसात किती रडली! तुम्ही त्यांच्या कोण?"

मुसळ थांबलं. आत्याने दाराकडे पाहिलं. दाराआड मी होते, हे तिला दिसायची गरज नव्हती. "मी तिच्यासंगंच राहतो," ती म्हणाली.

"कशा होत्या हो स्वभावाने?"

"लय मारकी."

"पण मुलीला शिकवलं त्यांनी."

"हो बाप्पा. तेवढं केलं तिनं."

मॅडमनी डबा ठेवला आणि रिवाजाप्रमाणे 'येते' न म्हणता निघून गेल्या. आत्याने तो आत आणला, दोन ताटल्या काढल्या, वाढलं, आणि माझ्यासमोर मांडी घालून शांतपणे जेवायला बसली. "मीठ कमी हाये बेसनात," ती म्हणाली. "पन माह्यासाठी असं रांधून कोनी आनलं नोव्हतं आजवर. खाय तूही. तुह्याच घरी मयत झाली ना?" मी खाल्लं. नाही म्हणायची हिंमत कोणाची? तिने ताटल्या घासल्या, डबा पुसून पालथा घातला, आणि मग मला धरलं.

तसा मार मी आधी कधी खाल्ला नव्हता. केस धरून तिने मला भिंतीवर आपटलं. "काहून मारलं वं मले? काहून?" प्रत्येक 'काहून'ला एक थप्पड होती आणि मधे उत्तराला जागा नव्हती. ओठ फाटला, दात हलला, फाटल्या ओठात तिखट गेलं. शेजारीण सोडवायला आली तर तिलाही एक मिळाली. शेवटी तीच दमली आणि उखळाला टेकून धापा टाकत बसली… मीही जवळच, जमिनीवर. तेव्हा कुठे मी तिला अर्जाचं आणि कोर्टाच्या कागदाचं सांगितलं.

सकाळी माझ्या सुजलेल्या तोंडासकट तिने मला कॉलेजात नेलं. रांग मोडून ती खिडकीशी गेली आणि कोर्टाचा कागद टेबलावर आपटला. "मी वेणू. हिची पालक."

"पण वेणूबाई तर…"

"वापस आली."

बाबूंनी कागद वाचला, रांगेकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "बाई, यात… आपण आत बोलू."

"आत काहून? हिच्या बापानं हिच्या मायले मारलं. तो जेलात हाये. तो माहा भाऊ. साक्ष मी देल्ली. लिहा."

मला धरणीत जायचं होतं. मागे एक पोरगा फिसकन हसला. आत्याने वळून एकच दिली. तो गाल चोळत होता, तोच हात त्याने डोळ्याला लावला. तो ओरडायला लागला, तेव्हा शिपायाने त्याला नळावर नेलं. आता बाबूही चिडले. खोटं लिहिणाऱ्या मुलीला फीमाफी तर सोडाच, कॉलेजातून नाव काढायला हवं, म्हणाले. आत्याने माझी हनुवटी धरून माझं तोंड त्यांच्यापुढे केलं. "सजा देल्ली मी. अजून द्यायची असन तं मले द्या. हिचं शिक्षन बंद नोका करू."

गलबला ऐकून कानडे मॅडम आल्या. आत्याला ओळखून भिंतीला टेकल्या. "तुम्ही तर काल…"

"मीच ते. तुमचा डबा आनला हाये बाई, घासून."

मॅडमनी माझ्या फाटल्या ओठाकडे पाहिलं. मग बाबूंना म्हणाल्या, "हिला कोरा अर्ज द्या." मी तिथेच उभ्याने लिहिला. या वेळी सगळे जिवंत होते, आई सोडून. फ्रीशिप मिळाली, मी शिकले, पुढे जन्मभर शिकवलं. पण त्या दिवशी मला त्यातलं काही दिसत नव्हतं. बाहेर आल्यावर मी भर रस्त्यात तिच्यावर ओरडले, एवढ्या लोकांसमोर कशाला सांगितलंस म्हणून. पुन्हा मार बसणार म्हणून डोळे मिटून उभी राहिले. हात उठला नाही. ती कागदाची घडी नीट करत होती.

"लोकाईसाठी मी खुन्याची बहीन आहो," ती म्हणाली, "सासरच्याईसाठी नवऱ्याले खाल्लेली. साऱ्या दुनियेत या एका कागदावर मी कोनाची तरी कोनी आहो. अन् तुले नेमकी त्याचीच लाज वाटली वं, पोरी?"