विचारलं तर छत्तीस
मास्तरांचं दुकान म्हणजे एक मशीन, एक टेबल, एक आरसा आणि आरशासमोर पोट आत घेऊन उभं राहायला पुरेल एवढी जागा. एकतीस वर्षं ते शिवतायत. एवढ्या काळात अख्ख्या गल्लीच्या कमरा त्यांच्या डोळ्यांदेखत वाढल्या, पण एकाचा आकडा त्यांच्या तोंडून दुसऱ्याला कधी कळला नाही. एकदा एक नवरोबा बायकोसाठी चोरून कोट शिवायचा म्हणून तिचं माप विचारायला आले.

"तिला घेऊन या," मास्तर म्हणाले.

"अहो, मग चोरून कसं होईल?"

"मग चोरून नका शिवू."

मापं एका जाड वहीत असत. गिऱ्हाइकाला एक पान, पानाखाली शेरा. 'डावा खांदा उतरता.' 'शिवण सैल ठेवणे, दोन महिन्यांत परत येणार.' आणि बऱ्याच पानांवर, 'विचारलं तर छत्तीस.' म्हणजे कापड चाळीसचं कापायचं, पण आरशात बघत कुणी "वाढले का हो मी?" असं विचारलं, तर छत्तीस सांगायचं. मास्तरांना हे खोटं वाटत नसे. ते अस्तर होतं. दिसत नाही, पण त्याच्याशिवाय कपडा टोचतो.

पन्नाशी उलटल्यावर मुलीने त्यांना चांगला फोन घेऊन दिला आणि शाळेतल्या दोस्तांनी त्यांना 'शेवटचा बाक' नावाच्या ग्रुपमध्ये ओढलं. तेवीस जण. तोंडात टाचण्या असल्यामुळे जन्मभर न बोललेलं सगळं मास्तर आता अंगठ्याने बोलू लागले. मशीनचा फोटो, चहाचा फोटो, कापडाच्या तुकड्यांवर झोपलेल्या मांजराचा फोटो. "मास्तर, हात आहेत की जादू!" असं कुणी लिहिलं की मास्तर लगेच दुसऱ्या बाजूने फोटो काढत.

एका मंगळवारी त्यांनी नुकत्याच पुऱ्या झालेल्या करड्या कोटाचा फोटो टाकला. कोट झकास होता. कोटामागे टेबल होतं आणि टेबलावर वही उघडी होती.

ग्रुपमध्ये एक विमावाला आहे. बारीक अक्षर मन लावून वाचणारा जगात तो एकटाच. त्याने फोटो ताणून मोठा केला, वहीचा तुकडा कापला आणि ग्रुपवर परत टाकला: 'हेडबाई. कंबर ४०. विचारलं तर छत्तीस.'

हेडबाई म्हणजे शेवटच्या बाकावरून थेट मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत जाऊन बसलेली या वर्गातली एकमेव व्यक्ती. मास्तरांची पहिलीपासूनची मैत्रीण आणि पहिलं गिऱ्हाईक.

ग्रुप खदाखदा हसला. "हेडबाई, चार मार्क कापले!" मग एकेकाला आपलं पान आठवलं. "मास्तर, माझ्या पानावर काय आहे रे?" "मला चौतीस सांगितलंस ना? आईशपथ खरं सांग!" या गलक्यात हेडबाई एक अक्षरही न लिहिता ग्रुपमधून बाहेर पडल्या.

मास्तरांनी फोटो पुसला.

"बाबा, आता पुसून काय? सगळ्यांच्या फोनात गेला असेल," मुलगी म्हणाली.

"मग सगळ्यांना फोन करतो."

आणि केले. दोन दिवस मशीन बंद ठेवून एकेकाला, "तेवढं पुस बाबा." विमावाल्याने वाद घातला.

"अरे, गंमत केली! तुझी चेष्टा कळायची अक्कल कुठे गेली?"

"पुस."

"लिहितोस तू आणि पुसायचं मी?"

विमावाल्याचंही पान वहीत होतं आणि त्यावर मजकूर भरपूर होता. मास्तरांनी ते पान उघडलंसुद्धा नाही. "पुस," एवढंच तिसऱ्यांदा म्हणाले. विमावाल्याने पुसलं.

हेडबाई मात्र फोन उचलेनात. शनिवारी दुपारी स्वतःच दुकानात आल्या, पर्स टेबलावर आपटली आणि आरशासमोर उभ्या राहिल्या.

"माप घे."

मास्तरांनी टेप कमरेभोवती गुंडाळली आणि टोक त्यांच्याच हातात दिलं. "तूच वाच."

हेडबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "एक्केचाळीस."

"हं."

"आणि मला छत्तीस सांगत होतास."

"तू विचारत होतीस."

"मला माहीत नव्हतं होय रे? बहिणीने छत्तीसचा झगा आणला होता, तो माझ्या खांद्यांवरच अडून बसला. माहीत होतं म्हणून तर विचारायचे. आपल्या दोघांतलं होतं ते. तू चव्हाट्यावर नेलंस."

मास्तरांनी वही पुढे ओढून तिचं पान उघडलं. म्हणाले, "पान फाडू?"

"फाडून मग शिवणार कशावरून? लिही. आणि तो फोन आधी बाहेर ठेव."

मास्तरांनी फोन मुलीकडे देऊन दार लोटलं. मग खांदा, हात, पाठ, सगळं नव्याने घेतलं. नवा आकडा लिहून झाला तशी वही टेबलावरून उचलून खणात टाकली.

संध्याकाळी हेडबाई ग्रुपमध्ये परतल्या. "नवा कोट शिवायला टाकलाय," एवढंच त्यांनी लिहिलं. विमावाल्याच्या हाताला खाज सुटलीच.

"मास्तर, यंदा माप किती भरलं?"

मास्तरांनी लिहिलं, "कुणाचं?"

आणि मशीन चालू केलं.