चुकीच्या खांद्यावर निघालेली शाल

दस्तगीर मुल्ला साहेबांशी माझी पहिली ओळख कुरकुरीनेच झाली. कोल्हापूर नगरपालिकेत कारकून म्हणून लागून मला आठवडाही झाला नव्हता. साहेब दर महिन्याला शहराच्या कामांचे पत्रक काढीत. बालवाडी कुठे सुरू झाली, लस कोणत्या गल्लीत टोचणार, सत्कार कोणाचा होणार, हे सगळे त्यात असे. छापण्याआधी ज्याचा सत्कार, त्याच्या घरी जाऊन मजकूर वाचून दाखवायचा, हा त्यांचा शिरस्ता. मला एका म्हाताऱ्या पैलवानांकडे पिटाळले.

"एका नावासाठी एवढ्या उन्हात?" मी म्हणालो.

"नाव त्यांचं हाय. आपल्या घरचं न्हाय," साहेब म्हणाले. मी मुकाट्याने गेलो.

त्या वर्षी देवीची लस टोचायची मोहीम जोरात होती. नदीकाठच्या गल्ल्यांत आयाबाया पोरांना माळ्यावर लपवीत. तिथे झाडूकाम करणाऱ्या यल्लव्वाबाईंनी एक दिवस भर चौकात कट्ट्यावर बसून आधी स्वतःच्या दंडावर लस घेतली, मग नातीच्या. मग हातातला झाडू तसाच धरून घरोघर फिरल्या. गल्ली लस घेऊन मोकळी झाली! त्यांचा सत्कार करायचे ठरले आणि साहेबांनी जाऊन ते त्यांना सांगितले.

पत्रक छापायच्या वेळी नेमके साहेब तापाने अंथरुणाला खिळले. काम माझ्यावर आले. मी शहाणा! साहेबांच्या टिपणात ‘नदीकाठची टोळी’ एवढेच होते; गल्लीत जाऊन विचारायचे सोडून हजेरीपुस्तक उघडले. त्यात झाडूवाल्यांची टोळी मुकादमाच्या नावाने लावलेली असे. मी गणपत मुकादमांचे नाव उतरवले, त्यावर साहेबांची सही आणली आणि छापायला दिले. तापात त्यांनी माझ्या भरवशावर सही केली होती.

सत्काराला सभागृह गच्च भरले होते. यल्लव्वाबाई नवे लुगडे नेसून, गडमुडशिंगीच्या सात पाहुण्यांना घेऊन पुढेच बसल्या होत्या. नाव पुकारले गेले ते गणपत मुकादमांचे. बाई खाली मान घालून पदराचे टोक बोटाला गुंडाळीत राहिल्या. माझी चूक मला तिथेच उमगली, पण तोंड उघडेल तर शपथ.

अध्यक्षांनी शाल उचलली तेवढ्यात मागून अशक्त चालीने साहेब पुढे आले. "थांबा, साहेब. माझ्या पत्रकात चूक झाली. शाल चुकीच्या खांद्यावर निघाली आहे."

"मुल्ला, कार्यक्रम झाल्यावर बघू," अध्यक्ष तापून म्हणाले.

"तोवर बाईंचे पावणे गावाला गेलेले असतील, साहेब. त्यांनी काय बघून जायचं?"

यावर गणपत मुकादमांनीच तोंड उघडले. "व्हय की! समद्यास्नी लस हिनं घ्याया लावली. म्या निस्ती हजेरी मांडतो."

यल्लव्वाबाई वर गेल्या. शाल अंगावर पडली तशा साहेबांकडे वळून म्हणाल्या, "माझं नाव जरा मोठ्यानं वाचा की. आमच्या थोरल्या जावेला ऐकू येत न्हाय." साहेबांनी नाव तीनदा वाचले. तिसऱ्या वेळेला माणसे उभी राहून टाळ्या वाजवत होती. असला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

पुढे साहेबांकडे लेखी खुलासा मागितला गेला. त्यांनी एक ओळ लिहिली: पत्रकावर सही माझी आहे. त्यांची बढती दोन वर्षे लांबली. मी रडत त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "तुझी नोकरी नवी हाय. गप बस." मी गप्प बसलो, आणि तेही त्याबद्दल आजवर एका शब्दाने बोलले नाहीत.

आज साहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. अजून तितकीच वर्षे त्यांना धडधाकट मिळोत, चालताना काठी न लागो, कढत चहा आणि चार माणसे रोज समोर असोत. आणि साहेब, तुमच्या या गौरवग्रंथाच्या सगळ्या वाचकांसमोर सांगतो: सही तुमची होती, चूक माझी होती. तुम्हाला भर सभेत उठायला एक क्षण पुरला, मला मात्र पंधरा वर्षे लागली.