साल न काढलेला आंबा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आर्णीच्या खरादीचाचांचं नाव सांगतो. आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही, कारण तेही हेच सांगतात.

चाचा लाकूड खरादतात. यंत्रावर लाकडाचा ठोकळा गरगर फिरतो, चाचा त्याला पटाशी लावतात आणि त्यातून पलंगाचे पाय निघतात, पाळण्याचे खांब, लाटणी, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची चाकं. पुढे दुकान आणि मागे लाकडाचं गोदाम. मी महागाव तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून आर्णीच्या कॉलेजात आलो तेव्हा एका खोलीत सहाजण राहत होतो. एकदा घरमालकिणीसाठी लाटणं घ्यायला चाचांकडे गेलो. हातात पुस्तक होतं.

"काय शिकून राह्यला?"

"बी. ए."

"वाचतो कुठी?"

एका खोलीत सहाजण राहतो, एवढं मी सांगितलं. चाचांनी खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. तीन वर्षं मी त्या गोदामात, लाकडाच्या थप्प्यांमध्ये बसून वाचलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर तिथून बाहेर पडला. आता मी फुलसावंगीकडच्या एका शाळेत शिकवतो आणि चाचा मला मास्तर म्हणतात. पण त्यात थोडी चेष्टा असतेच.

गोदामाचा एक नियम होता. साल असलेलं लाकूड आत यायचं नाही. लाकूड आलं की अंगणात विटांवर रचायचं, साल सोलायची, एक उन्हाळा त्याला उन्हात ठेवायचं आणि मगच आत घ्यायचं. एक व्यापारी ट्रॉली घेऊन आला आणि आभाळ भरून आलं म्हणून आत ठेवू द्या म्हणाला. चाचा त्याला म्हणाले, "तुले आत घेतो, चहा पाजतो. लाकूड बाहेरच राहीन." त्यांच्या गोदामात मागच्या भिंतीला हळदूची थप्पी होती. वनखात्याच्या डेपोतल्या लिलावातून वर्षानुवर्षं एकेक निवडून आणलेलं पिवळसर, घट्ट लाकूड. त्याला ते सहसा हात लावत नसत. "माह्या हातात जेवढं काम उरलं, तेवढं हे लाकूड हाय," असं ते म्हणायचे. ती थप्पी म्हणजे त्यांचं पुढचं आयुष्य होतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या घरामागचा आंबा तोडावा लागला. खोली वाढवायची होती. तो आंबा आजोबांनी लावलेला. मला वाटलं, हे लाकूड चाचांना द्यावं. इतक्या वर्षांत मी त्यांना मिठाईच्या डब्याशिवाय काही दिलं नव्हतं. मी ओंडके टेम्पोत घातले आणि आर्णीला नेले. त्यांना साल होती. नियम मला पाठ होता, म्हणून मी स्वतःच म्हणालो, "चाचा, अंगणात उतरवतो."

चाचांनी ओंडक्यावर हात फिरवला. "कोणाचं झाड?"

"आजोबांचं."

ते टेम्पोवाल्याकडे वळून म्हणाले, "आत घे."

"चाचा, साल आहे."

"तुह्या आजोबाची चीज मी दाराबाहेर ठेवू?"

हे ते का म्हणाले, ते मला लगेच कळलं. कॉलेजच्या दिवसांत एकदा मी त्यांना सांगितलं होतं की आजोबांनी धम्म घेण्याआधी गावात आमच्या माणसांची वस्तू कोणी उंबऱ्याच्या आत घेत नसे. आजोबांनी नेलेली आंब्याची पाटी दाराबाहेर ठेवायला लावायचे, वर पाणी शिंपडायचे आणि मग आत न्यायचे. मी ते बोलता बोलता सांगितलं होतं. चाचा ते विसरले नव्हते.

ओंडके आत गेले. जागा नव्हती म्हणून हळदूच्या थप्पीला टेकवून ठेवले. मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की परत येताना टेम्पोवाल्याशी मी सगळा रस्ता बोलत होतो.

पुढच्या पावसाळ्यात मी गेलो तर ओंडक्यांखाली पीठ होतं. मैद्यासारखं बारीक, जमिनीवर त्याच्या छोट्या छोट्या ढिगल्या झालेल्या. मी बोटाने एक ढिगली पुसली. चहा होईपर्यंत तिथे पुन्हा चिमूटभर पीठ पडलेलं होतं. पडताना मात्र काही दिसलं नाही.

"घुण हाय," चाचा म्हणाले. "पावसाचा येते. जुनाच हाय."

गोदामात मी तीन वर्षं खाली बसलो होतो. लाकूड पोखरणाऱ्या किड्याचं असं पीठ मी तिथे कधी पाहिलं नव्हतं. तरी मी मान डोलावली. मला ते खरं मानायचं होतं.

आंब्यावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं होती. काहीतरी करावं म्हणून मी दुकानातून मेणबत्ती आणली आणि एकेक भोक मेणाने बुजवत बसलो. तासभर बुजवली. चाचा स्टुलावर बसून बघत होते. शेवटी हसले.

"मास्तर, काय करून राह्यले?"

"आत कोंडतोय त्यांना."

"अबे, हे त्यायचं बाहेर यायचं दार हाय. ज्या भोकातून तू मेण भरला, तो किडा कधीचाच निंघून गेला. आत जाते तेव्हा त्याचं भोक दिसत नाही."

चाची दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बी. ए.त हे नसते शिकवत, बेटा."

आम्ही तिघंही हसलो. पण माझा हात मेणबत्तीवर थांबला होता. मी भोकं मोजली नव्हती, पण ती खूप होती. एकेका भोकातून एकेक बाहेर पडला असेल तर ते सगळे कुठे गेले? गोदामात दुसरं काय होतं? मी हळदूच्या थप्पीकडे पाहिलं. तिच्यावर एकही भोक नव्हतं, आणि चाचा नुकतेच म्हणाले होते की आत जाते तेव्हा भोक दिसत नाही.

चाचांनीही तिकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

आंबा त्याच आठवड्यात बाहेर काढला. तो जाळताना मी हजर नव्हतो. मला फोन करून बोलावलं नाही, आणि तेही माझ्यासाठीच असावं. मग उन्हाळ्यात चाचांनी हळदू अंगणात काढलं, काळ्या प्लास्टिकखाली वैशाखाच्या उन्हात तापवलं, टाकणखाराचं पाणी पाजलं. एकेक ठोकळा कानाशी धरून ते बोटाने ठोकायचे. ऐकू कमी येतं, म्हणून नंतर गालाला लावून ठोकायचे. मी गेलो तेव्हा त्यांनी एक ठोकळा माझ्या गालाला लावला.

"पोकळ वाटते काय?"

"नाही."

"पाह्य. घट्ट हाय."

मला खरंच नाही वाटला. पण त्यांनी ज्या नजरेने माझ्या तोंडाकडे पाहिलं, त्या नजरेपुढे मला वाटला असता तरी मी हो म्हणू शकलो असतो का, हे मला आजही सांगता येत नाही. हळदू परत आत गेलं. शेजारचा सुतार एकदा माझ्यासमोरच चाचांना म्हणाला, "मास्तरानं चांगली भेट आणली तुमच्यासाठी." चाचा त्याच्यावर असे उखडले की तो महिनाभर दुकानात आला नाही. पुन्हा कोणी तो विषय काढला नाही. मीसुद्धा नाही.

याच हळदूतून चाचांनी माझ्या वाढवलेल्या खोलीसाठी एक स्टूल केलं. तीन पाय, वर गोल पाट, लाखेचा लाल पट्टा. "खात्रीचं लाकूड हाय," असं दोनदा म्हणाले. ते स्टूल मी खिडकीशी ठेवलं, जिथे पूर्वी आंबा होता.

परवा शाळेतून आलो. बायकोने सकाळी झाडून घेतलं होतं. फरशी काळी आहे, त्यामुळे दिसलं. स्टुलाच्या एका पायाशी पिठाची ढिगली होती. पुसली. काल सकाळी पुन्हा होती.

फोन करता आला असता, पण फोन चाचींच्या हातात असतो आणि त्या अर्धंच सांगतील. समोर बसून बोलायला लागलो तर चाचा मला वाक्य पुरं करू देणार नाहीत. म्हणून आर्णीहून रोज मोटारसायकलने येणाऱ्या आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या हाती मी काल हे पत्र पाठवलं.

आदरणीय चाचा,

सलाम आणि जयभीम.

हे पत्र सावकाश वाचा आणि चाचींना मधे बोलू देऊ नका.

तुम्ही दिलेल्या स्टुलाला घुण लागला आहे. मी भिंगाने पाहिलं. एका पायाला, जिथे लाकूड फिक्कट आहे, तिथे एक भोक आहे. एकच. दुसऱ्या पायांना काही नाही, पण त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हीच मला शिकवलं आहे.

म्हणजे हळदूत आहे. थप्पी आजच बाहेर काढा. पाऊस उघडायची वाट पाहू नका. सालीलगतचा फिक्कट भाग तासून टाका आणि जाळा. जे उरेल तेच आपलं समजा. किती उरेल हे मला माहीत नाही. फार उरणार नाही, अशी मला भीती वाटते. मी शनिवारी दुपारी येतो आणि रविवारभर राहतो. पटाशी धरता येत नाही, पण ओझं उचलता येतं.

तुम्ही घुण जुना आहे म्हणालात. तो जुना नव्हता. तो माझ्या आंब्यातून आला. मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि मी मान डोलावली. तुम्ही मला वाचवलं आणि मी वाचलो. यासाठी माफी मागतो.

तुम्ही तो आंबा आत घेतलात ते कशासाठी, तेही मला माहीत आहे. आजोबा असते तर तुम्हाला म्हणाले असते की आधी साल काढा. यापुढे मी काही आणलं तर ते बाहेर विटांवरच ठेवा. माझ्या मनाला लागणार नाही.

तुमचं स्टूल मी दाराबाहेर काढलं आहे. ते सध्या पत्र्याखाली आहे. ऊन आलं की उन्हात ठेवीन.

तुमचा,
बी. ए.