सहाशेची बांधी

छातीवरच्या खिशावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "व्याज चालू हाय." तुम्ही तब्येत विचारा, पावसाचं विचारा, उत्तर हेच. आमच्या लाकूड डेपोतले हे कारकून; आम्ही त्यांना बाबूजी म्हणत असू. असल्या निश्चिंत माणसांची मला चीड येते.

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी त्यांनी चारशे रुपयांची पोस्टाची सर्टिफिकेटं घेतली; ती कायम त्या खिशात असत. बारा वर्षांनी त्यांचे सहाशे होणार होते, आणि तलावाखालची एक बांधी सहाशेलाच मिळत होती. आमच्याकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात. बाबूजींनी मालकाला सांगून टाकलं, "मलेच द्या." मालक हो म्हणाला. हो म्हणायला त्याचं काय जात होतं?

तेव्हापासून बाबूजी दर उन्हाळ्यात त्या बांधीचे धुरे, म्हणजे कडेचे मातीचे बांध, घालायला जाऊ लागले. शेत परक्याचं, घमेलं स्वतःचं. धुऱ्यावर तूरही लावायचे. ती मालक खायचा.

"काऊन मरून राह्यले, बाबूजी?" मी विचारायचो.

"बांधी माहीच तं हाय."

दरम्यान धान महागलं, मीठ महागलं, मजुरी वाढली. बाजारात तेही कुरकुरायचे. बांधी मात्र आपल्यासाठी सहाशेलाच थांबून राहील, अशी त्यांची खात्री. इतका वेडा विश्वास मी कुणी देवावरही ठेवलेला पाहिला नाही.

मुदत भरली. पैसे घेऊन ते मालकाकडे गेले, मीही सोबत होतो. मालकाने सुपारी कातरत पंधराशे सांगितले.

"तुमी तं सहाशे म्हणले होते."

"तवा म्हणलो होतो. सहाशात आता चांगली बैलजोडी येत नाई, बाबूजी. अन् बांधी पाहा ना, धुरे कसे झाले."

धुरे खरंच सुरेख झाले होते. मला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच रागही आला. बाबूजींनी पैसे पुन्हा पोस्टात टाकले. खिशावर हात ठेवणं मात्र तेव्हापासून बंद झालं.

पुढच्या पावसाळ्यात ते निवृत्त झाले. मुलीच्या गावी कायमचे निघाले, तेव्हा मी बैलगाडीसोबत तलावापर्यंत गेलो. बांधीचा एक धुरा फुटून पाणी वाहत होतं. बाबूजी उतरले, धोतर खोचलं आणि चिखलाचे गोळे घालून तो बुजवला. मालक पलीकडे छत्री धरून उभा होता.

"बाबूजी, वरच्या अंगाले बी फुटला हाय," तो म्हणाला.

बाबूजी तिकडेही गेले.