आपाची झोप आणि माझ्या दाढा

“काय गं, किती पायली दळलंस?”

मी डोळे उघडायच्या आत आपाचा हा प्रश्न यायचा. खाटेच्या कडेला बसून, दोन्ही अंगठ्यांनी कानशिलं दाबत ती विचारायची. मी झोपेत दात खाते, असं तिचं म्हणणं होतं. मी म्हणायचे, घूस असेल.

कळंबजवळच्या एका फार्महाउसवर आपा स्वयंपाक करायची आणि मी भांडी घासायचे. मागच्या एकाच खोलीत आम्हा दोघींच्या खाटा. तुमच्यापैकी कुणी शनिवार-रविवारी अशा ठिकाणी चुलीवरची कोंबडी खाल्ली असेल. आपा ती वाढताना हटकून म्हणायची, “आज बिघडलीय.” कधीच बिघडलेली नसायची. कौतुक ऐकायची तिची ती रीत.

तिला बी.पी. होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, झोप नीट होत नसेल तर काम सोडा. काम सोडलं की रसायनीला पोराकडं जाऊन बसायचं. त्या बसण्याला ती भ्यायची.

“सून चांगली हाय गं,” ती सांगायची. “पन कांदासुद्धा चिरू देत नाय. आराम करा म्हनते. आराम कसा करतात ते मला कुठं म्हायत हाय?”

तिला झोप लागावी म्हणून मी घुशीचा पिंजरा लावला. आत सुक्या बोंबलाचा तुकडा. सकाळी बोंबील जसाच्या तसा.

“घूस उपाशी ऱ्हायली?” आपानं विचारलं. “रातभर तर चावत व्हती.”

“उपास असेल तिचा,” मी म्हटलं.

मग एकदा भाकरी खाताना दाताखाली कट्टकन आवाज झाला. मी आपाच्या पिठाला नावं ठेवत खडा थुंकला. तिनं तो उचलून उजेडात धरला.

“हा खडा तुझा हाय गं.”

माझ्या दाढेचा कोपरा होता. तरी मी हरले नाही. पोरं दात खातात ती जंतांमुळं, एवढं ज्ञान मला होतं, म्हणून वावडिंगाचा काढा घेत राहिले. जंत पडले नाहीत. तोंड तेवढं कडू झालं.

शेवटी आपानं मला कर्जतला दातांच्या डॉक्टरणीकडं नेलं. माझ्या दाढा घासून पाट्यासारख्या सपाट झाल्या होत्या. झोपताना दातांवर चढवायला मापाचा गार्ड करून घ्या, डॉक्टरीण म्हणाली. किंमत ऐकून मी खुर्चीतून उतरायलाच लागले. तेव्हा तिनं स्वस्तातलं सांगितलं. बॉक्सिंगची पोरं दातांवर चढवतात तो रबरी गार्ड खेळाच्या दुकानात मिळतो. गरम पाण्यात जरा मऊ करून दातांवर दाबायचा, मग मला दाखवायचा. टोचला तर घालायचा नाही. सध्या त्यावर भागवा, म्हणाली. शिवाय संध्याकाळचा चहा बंद, निजताना गालांना गरम फडक्याचा शेक, आणि दिवसा दात दातांवर टेकवून ठेवायचे नाहीत.

ईदला आपा पोराकडं गेली आणि येताना खोपोलीहून गार्ड घेऊन आली. “ईदी समज,” म्हणाली.

मी तो अंड्यासारखा पातेल्यात उकळत टाकला आणि दूधवाल्याशी भांडायला गेले. परत आले तर त्याची वाळकी कोळंबी झालेली. मी तो चुलीच्या राखेत दडपत होते.

“काय पुरतेस गं?”

“काय नाय.”

“बघू.”

बघितलं आणि ती खालीच बसली. हसता हसता छाती धरून म्हणाली, “तू मला दातांनी नाय, अशीच मारशील.”

दुसरा गार्ड तिनं आणला आणि तिनंच मऊ केला. माझी हनुवटी धरून तो दातांवर बसवला. हात मसाल्याचे. पुढं कितीतरी दिवस मी लसूण-मिरची चोखत झोपले. डॉक्टरणीनं त्याच्या कडा कापून दिल्या, तेव्हा कुठं तो नीट बसला.

पहिल्याच सकाळी आपाचा प्रश्न आला नाही. मी उठून पाहिलं तर ती तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. बाहेर पाहुणे चहासाठी खोळंबलेले, आणि मालक ओरडत दाराशी आला. मी दारात आडवी उभी राहिले. ओरडू नका, ती झोपलीय, असं त्याला ठणकावून सांगितलं. गार्ड तोंडातच होता. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण माझा अवतार बघून तो मागं सरला. चहा मी केला. तो मात्र खरंच बिघडला होता.

पुढं काही वर्षं आपानं कोंबडी केली. मग गुडघे गेले आणि पोरगा येऊन तिला घेऊन गेला. यंदा ती तिकडंच वारली. मी भेटायला गेले तेव्हा सून म्हणाली, “मावशी, शेवटपर्यंत कांदे द्या म्हणत होत्या. मग मी दिले.” बरं केलंस, मी म्हटलं.

आपाची खाट मालकानं काढली आणि तिथं बटाट्याची पोती रचली. खोलीत आता मी एकटीच. तरी निजताना मी गार्ड चढवते. बटाट्यांची झोप मोडायला नको.