मुठीवरचा नाडा

सहादू गांगुर्डे पलटणीत अठरा वर्षं पॅराशूटच्या घड्या घालत होता. नाशकाजवळच्या एका हवाई क्लबात लागला, तरी त्याचा नेम मोडला नाही. उडी घेणारा विमानात चढण्याआधी सहादू त्याच्या अंगावरचा एकेक पट्टा, एकेक बक्कल हाताने चाचपायचा. नुसत्या डोळ्यांवर त्याचा भरवसा नव्हता. पोरं हसायची, "दादा, नवरदेव सजवताय काय?" सहादू ढिम्म. "वर दुरुस्तीचं दुकान नसतं," एवढंच म्हणायचा.

त्र्याऐंशी साली खंडेनवमीला क्लबाने लोकांसमोर उड्या ठेवल्या. सहादूने सकाळी सातलाच सगळं तपासून कार्डांवर सह्या केल्या. मग सेक्रेटरी रावजींनी पूजा मांडली. हत्यारं पुजावीत तशी पॅराशूटं पुजली. हळद, कुंकू, झेंडूच्या माळा आणि प्रत्येकाला लाल नाडा. सहादू बौद्ध, तो दाराबाहेर उभा राहिला, आणि त्याला आत या म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

दहाला यादव त्याच्यासमोर आला. इगतपुरीकडचा, पलटणीतूनच सुटलेला, हसतमुख गडी. माळा काढल्या होत्या, नाडा राहिला होता. जी मूठ ओढली की पॅराशूट उघडतं, तीच पट्ट्याशी तीन वेढे देऊन करकचून बांधलेली. सहादूचा हात पुढे गेला. शेजारी रावजी उभे होते. मागच्या वर्षी पूजेच्या ताटाला सहादूचा धक्का लागला, तेव्हा याच माणसाने सगळ्यांदेखत ताट धुवायला लावलं होतं, आणि पुन्हा असं झालं तर नोकरीवरून काढीन म्हणून बजावलं होतं. पूजेचा नाडा सोडून हात दाखवून अवलक्षण कशाला? आणि नाडाच तो, हिसका बसला की तुटेल. सहादूने हात मागे घेतला.

"बघितलं ना, दादा?"

"बघितलं."

नाडा तुटला नाही. यादव मूठ ओढत राहिला. शेवटी जोडीचं छोटं पॅराशूट सोडलं, तोवर जमीन फार जवळ आली होती. तो कांद्याच्या वाफ्यात पडला. सहादू सगळ्यांच्या आधी पोचला, पण पोचून काही उपयोग नव्हता.

चौकशी झाली. कार्डावर सकाळची सही होती, सहादू सुटला. त्याने नाड्याचं सांगितलं, तर चौकशीचे साहेब म्हणाले, "देवाधर्माच्या गोष्टी कागदावर नकोत." ठपका यादववर आला: घाबरला, मूठ ओढायला उशीर केला. मेलेला माणूस काय उलटून बोलणार! याची चीड यायला हवी होती, पण क्लबात कुणाला आली नाही.

सहादू इगतपुरीच्या गाडीत बसला. यादवची आई, भागीबाई, खाचरात भात कापत होती.

"बाई, तुमचं पोर भ्यालं नव्हतं. मूठ नाड्यानं बांधलेली होती. मला दिसली होती."

तिचा विळा थांबला. "मंग सोडला का नाय?"

"मीच भ्यालो. नोकरी जाईल म्हणून."

भागीबाईने हातातलं कापलेलं भात खाली ठेवलं.

"नोकरी दुसरी लागली असती," ती म्हणाली, आणि पुन्हा कापणीला वाकली.