नीलाच्या चौकशीतला माझा जबाब

हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, माहेरी माहीत नाही. आणि जिला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, तिला तर मी वेगळंच सांगून ठेवलं आहे. तू कोण आहेस, हे कधी वाचशील की नाही — मला ठाऊक नाही. बाई असशील असं धरून लिहिते. चौथी शिकलेली आहे मी. सावकाश लिहिते. दुपारी जेवणं उरकली की घरात कोणी नसतं, तेव्हा लिहिते.

गावात मला गरीब म्हणतात. पैशाने नव्हे, स्वभावाने. "काय गरीब बाई शे, तोंड वर करी बोलत नही." माझ्यासमोरच म्हणतात, गोठ्यातल्या जनावराबद्दल बोलावं तसं. मी खाली बघते, पदर नीट करते, आणि ते आणखी खूश होतात. आता हा शब्द ऐकला की डोक्यात तिडीक जाते. कसली गरीब? गप्प बसणारी बाई चांगलीच असते, हे कोणी ठरवलं? गप्प बसून काय काय करता येतं, मला विचारा म्हणावं!

पण तसं मला कोणी विचारणार नाही. म्हणून मीच सांगते.

नीला माझी मैत्रीण. आमची घरं भिंतीला भिंत लावून. तिचं खरं नाव निलंती, गावाने त्याची नीला केली. ती श्रीलंकेची. आमच्या भाऊबंदातला दीपक दुबईत गाडी चालवायचा, ती तिथल्या दवाखान्यात साफसफाईला होती. दोघांनी लग्न केलं आणि दोन वर्षांनी तो तिला घेऊन थेट इथे, प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीकाठच्या आमच्या गावात आला. पहिल्याच दिवशी ओट्यावर बसलेली एक म्हातारी ओरडली, "रावन सीताले लई गया व्हता, आमना दीपक लंकाच लई उना!" दीपकने अख्खी लंकाच घरी आणली म्हणून सगळा चौक हसला. नीलाने दीपककडून अर्थ विचारून घेतला आणि मग सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

वर्षभरात ती अहिराणी बोलायला लागली. मोडकी, पण न घाबरता. मला आक्का म्हणायची. तिच्या देशातही मोठ्या बहिणीला आक्काच म्हणतात म्हणे. भिंतीपलीकडून हाक यायची — "आक्का, बजारले जास मी, तुले काय लागस?" मला इतक्या मोठ्याने हाक मारणारं या गावात दुसरं कोणी नव्हतं.

मग दीपक गेला. शहाद्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली मोटरसायकल आली. त्यांची मुलगी तेजू तेव्हा अडीच वर्षांची होती.

दीपक होता तोवर तोच नंदुरबारला जाऊन नीलाची इथे राहायची मुदत वाढवून आणायचा. व्हिसा म्हणतात त्याला. आता ते तिला एकटीला करायचं होतं. दीपकचे मोठे भाऊ, ज्यांना सगळे बापू म्हणतात आणि जे भाऊबंदकीने माझेही जेठ, म्हणजे थोरले दीर लागतात, त्यांना ते नको होतं. कारण कोणी बोललं नाही, पण कळत सगळ्यांना होतं. नीला इथे राहिली तर दीपकच्या वाट्याची केळीची जमीन तिची आणि तेजूची. नीला गेली तर पोर लहान, पोरीला बापू सांभाळणार, म्हणजे जमीनही बापूच सांभाळणार. आणि नीला गेली तर तेजूला बरोबर नेता येणार नव्हतं. पोर इथली, तिचा पासपोर्ट नाही, काढायला घरातून कोणी कागद देणार नाही. मुदत वाढली नाही तर आई तिकडे आणि लेक इकडे — इतकं ते सरळ होतं. हे मला माहीत होतं. आधीपासून माहीत होतं. हे लक्षात ठेव.

मी तिला मदत केली. हे खोटं नाही. तिच्या ट्रंकेतून लग्नाचा दाखला शोधला, दीपकच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत तिच्याबरोबर बसले. शहाद्याला ऑनलाइनच्या दुकानात अर्ज भरताना तेजूला कडेवर घेऊन उभी राहिले. एसटीने दोनदा नंदुरबारला गेलो. तिथल्या साहेबाने कागद चाळले आणि म्हणाला, घराचा उतारा जेठाच्या नावावर, लाइट बिल जेठाच्या नावावर. तुम्ही तिथे राहता याला पुरावा काय? गावात माणूस येईल, शेजाऱ्यांना विचारेल, त्यावर ठरेल. नीलाने माझा हात धरून मला पुढे ओढलं. "हाई मन्ही आक्का. भिंतले भिंत शे आमनी." तिच्या तोंडची अहिराणी ऐकून सगळं ऑफिस हसलं. मी पदराआड गेले. तिचा हात मात्र सुटला नाही.

परत येताना एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. निश्चिंत.

आता पाण्याचं सांगते, कारण माझ्या नवऱ्याला वाटतं मी पाण्यासाठी केलं. तापीवरून पाइपलाइन बापूंनी आणलेली आहे, आमच्या केळीला पाणी त्यांच्या पाळीतून मिळतं. चौकशीच्या चार दिवस आधी बापूंची बायको दळण घेऊन जाता जाता दारात थांबली. "औंदा तुमनी केळी भारी शे वं. पानी बंद व्हवाले नको." बस, एवढंच. हसली आणि गेली. मी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. घास तसाच धरून म्हणाला, "खरं शे ते सांग. पानीनं मी देखसू." आणि पुन्हा जेवायला लागला.

मोठं बोलणारा माणूस नाही तो. पण त्या दिवशी त्याने माझी वाट मोकळी करून दिली होती. म्हणजे पाण्याची सबबही मला उरली नाही. कधी कधी त्याचा राग येतो, की का म्हणालास तसं? भित्रा असतास तर बरं झालं असतं — निदान अर्धं तुझ्यावर टाकता आलं असतं.

चौकशीचा पोलीस भर दुपारी आला. नीला तेजूला ताप होता म्हणून शहाद्याच्या दवाखान्यात गेली होती. संध्याकाळी ती परतली, तिला कळलं, ती धावत माझ्याकडे आली. मी तिला सांगितलं, "बापू समोर बसेल व्हतात. मन्हा तोंडमाईन शब्दच निंघना नही." ऐकून तिने मला जवळ घेतलं. मला! म्हणाली, "जाऊ दे आक्का. तू घाबरनी. मी समजस." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

गावालाही तेच माहीत आहे. गरीब बाई, जेठासमोर बोलू शकली नाही. काय करेल बिचारी?

आणि बघ, नीलाला मी जे सांगितलं त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. माझ्या तोंडून शब्द निघालाच नव्हता.

आता खरं काय झालं ते. लिहिते.

पोलीस आमच्या ओट्यावर खुर्चीत बसला. बापू आधीच येऊन बसलेले. मी पाणी दिलं आणि दाराआड झाले. त्याने विचारलं, "वहिनी, शेजारची परदेशातली बाई इथंच राहते ना?" मी पदर पुढे ओढला. बापू म्हणाले, "साहेब, आमन्या बाया जेठसमोर बोलतस नही." तरुण पोलीस होता, पण समजदार. त्याने खुर्ची वळवली, बापूंकडे पाठ केली, आणि हळू आवाजात म्हणाला, "बोलू नका वहिनी. नुसती मान हलवा. राहते की नाही, एवढंच पाहिजे मला."

किती सोपं करून दिलं त्याने! आवाज काढायचा नव्हता, तोंड दाखवायचं नव्हतं, जेठाचा मान मोडायचा नव्हता. हो म्हणायला जेवढी मान हलवावी लागते तेवढीच नाही म्हणायला. लाजाळू बाईला दोन्ही सारखंच. मग कुठे गेली माझी लाज? कुठे गेली भीती?

मी नाही म्हणून मान हलवली.

गप्प बसले नाही मी. त्याला खात्री वाटेना, त्याने परत विचारलं, "राहत नाही?" मी परत तशीच मान हलवली. मागच्या अंगणात आमच्या दोघींच्या एकाच दोरीवर तिचं पातळ वाळत होतं. तेजूचा फ्रॉक वाळत होता. ओट्यावरून ते दिसत नाही.

त्याने लिहून घेतलं. मग विचारलं, "अंगठा ना?" बापू म्हणाले, "नही साहेब, सही करस ती. चौथी शिकेल शे." काय कौतुक होतं त्या आवाजात! माझ्या शिक्षणाचं इतक्या वर्षांत कोणी केलेलं पहिलं कौतुक. कागद माझ्यापुढे आला. सही करण्याआधी मी वाचला. न वाचता सही करू नये हे शाळेतच शिकवलं होतं. सदर महिला काही महिन्यांपासून सदर ठिकाणी राहत नसल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले. सदर म्हणजे काय ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. राहत नसल्याचे, हे मात्र स्वच्छ वाचता आलं. आणि मी सही केली. वळणदार.

का? विचारशील ना तू? मी स्वतःला इतक्यांदा विचारलं आहे की आता उत्तराचीही चीड येते.

मी या घरात आले त्या वर्षी एकदा बापूंसमोर बोलून गेले होते. बैल सुटलाय, एवढंच म्हणाले. खरंच सुटला होता. सासूने घरात बोलावून सगळ्यांच्या पाया पडायला लावलं आणि त्या दिवशी मला जेवायला वाढलं नाही. वीस वर्षं झाली. तेव्हापासून मी मान खाली घातली आहे. आणि ही कोण कुठली समुद्रापलीकडून आली, डोक्यावर पदर नाही, ओट्यावर पाय सोडून बसायची. एकदा बापूंनाच म्हणाली, "बापू, तुमनी मिशी पांढरी व्हयनी, पन राग अजून काळाच शे." आणि बापू हसले. बापू! माझा नवरा तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. माझ्या बोलण्यावर तो असा कधी हसला नाही. हसेल कुठून? मी बोलले कधी?

तिला सगळं माफ होतं. बाहेरची ना ती. त्या दुपारी पदराआड उभी असताना माझ्या मनात बरोबर एकच वाक्य होतं — एकदा हिलाही कळू दे. जमीन नाही, पाणी नाही, बापूंचा धाक नाही. एकदा हिलाही कळू दे. यासाठी मी एका पोरीची आई घालवली.

अजून एक. तिला जायला सांगणारा कागद यायला महिना लागला. त्या महिन्यात मी केव्हाही एसटीत बसून नंदुरबारला जाऊ शकले असते. रस्ता माहीत होता, ऑफिस माहीत होतं, दार कोणतं तेही माहीत होतं. गेले नाही. तिच्या बॅगेत कपडे भरायला मदत केली.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी बापूंच्या बायकोने तेजूला धानोऱ्याला पाहुण्यांकडे नेऊन ठेवलं. नीला दारादारांत शिरून हाका मारत होती. कोणी सांगेना. मला माहीत होतं. तिथेही मी गरीबच राहिले.

तेजू आता दुसरीत आहे. बापूंच्या घरी नीलाचं नाव काढत नाहीत, म्हणून नीला माझ्या मोबाइलवर फोन करते, रविवारी. मी तेजूला खाऊच्या निमित्ताने घरी बोलावते, फोन तिच्या कानाला लावते. तेजूला अहिराणीच येते. नीलाची अहिराणी आता अडखळते, शब्द सापडत नाहीत तिला. मग दोघी नुसत्या "हां, हां" करतात. पोर कंटाळून खेळायला पळते. मग नीला मला म्हणते, "आक्का, तू शे म्हनीसन मी जित्ती शे." दर रविवारी म्हणते. मी ऐकून घेते.

मुदत संपल्यावरही ती काही दिवस राहिली होती, म्हणून इतकी वर्षं तिचा इकडे परत यायचा अर्ज कोणी घेत नव्हतं. आता घेतात म्हणे. गेल्या रविवारी तिने तिकडच्या एजंटाच्या दुकानातून फोन केला. भारतात ओळखीचं कोण, त्याचं नाव आणि पत्ता फॉर्ममध्ये द्यावा लागतो. चौकशी आली तर त्याच माणसाकडे येते. तिने माझं नाव घातलं होतं. मला विचारलंही नाही. विचारायचं काय त्यात, असं तिला वाटलं असणार. फक्त एवढंच विचारलं, की एजंट म्हणतो ही बाई तुझी कोण ते लिही — काय लिहू?

मी म्हणाले, मैत्रीण लिही.

तिने लिहिलं.